सोलापुरात पर्यटन वाढलं, तर रहिवाशांच्या वाट्याला काय येतं?

प्रश्न असा आहे: सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला आणि तलावाच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना शहरातल्या पर्यटन नियोजनाचा फायदा होतो की त्रास? आणि त्रास कमी व्हावा म्हणून महापालिकेकडे नेमकं काय मागावं?

पाहुणे किती आले यावर हे फारसं ठरत नाही. त्यांची गाडी कुठे थांबते, ते कोणाच्या वाट्याचं पाणी वापरतात, रात्री आवाज किती वाजेपर्यंत चालतो आणि त्यांचा पैसा कोणाच्या हातात पडतो, यावर ठरतं. या चारही गोष्टी ठरवता येतात, म्हणून "गर्दी वाढली की त्रास होणारच" हे उत्तर मला मान्य नाही. तेवढेच भाविक एका व्यवस्थेत मोहल्ल्याला रोजगार देतात आणि दुसऱ्या व्यवस्थेत त्याच मोहल्ल्याची झोप उडवतात.

आधी सोलापूरचा पाहुणा कोण हे नीट पाहू, कारण गोवा किंवा महाबळेश्वरचे उपाय इथे लागू पडत नाहीत. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसेक, पंढरपूर सत्तरच्या पुढे. कर्नाटकात गाणगापूर आहे आणि शंभरेक किलोमीटरवर विजापूर. भाविक ही फेरी एका दमात करतात आणि सोलापूर त्यांच्या वाटेवरचा थांबा असतो. बस येते, माणसं सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, तलावाकाठी बसतात, चहा घेतात, बाटल्या नि पत्रावळ्या टाकतात आणि दोन-तीन तासांत निघून जातात. मुक्काम आणि जेवण पुढच्या गावी. म्हणजे कचरा, धूर, हॉर्न आणि शौचालयाचा ताण सोलापूरच्या वाट्याला पूर्ण येतो, पैसा मात्र थोडाच. व्हेनिसने २०२४ मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोचं शुल्क लावलं आणि मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळलं, त्यामागे हाच हिशेब होता. देवदर्शनाला आलेल्या माणसाकडून शहरात शिरण्याचे पैसे घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या गाड्यांचं पार्किंग शुल्क तेच काम करतं आणि ते कोणाला खटकत नाही.

म्हणून पहिली मागणी गाड्यांची. शहरात शिरणारी पर्यटक बस जुना पुणे नाका, तुळजापूर नाका, हैदराबाद रस्ता, अक्कलकोट रस्ता किंवा विजापूर रस्ता अशा कुठल्या तरी तोंडाने येते आणि मंदिराच्या जवळात जवळ कशी पोचेल हे पाहते. पंचकट्टा, रंगभवन, पार्क चौक या भागातल्या रस्त्यांना बारा मीटर लांबीची गाडी वळवणं झेपत नाही. एक बस अडकली की मागच्या रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि सिव्हिल हॉस्पिटलकडे निघालेली रुग्णवाहिका सगळेच अडकतात. बस शहराच्या तोंडाशीच थांबवा आणि पुढचा प्रवास रिक्षा किंवा परिवहनच्या बसने होऊ द्या.

वाहनतळ किती मोठा लागेल हे काढायला साधं गणित आहे: तासाला येणाऱ्या बस गुणिले सरासरी थांबण्याचे तास. गर्दीच्या तासाला वीस बस येत असतील आणि प्रत्येक दोन तास थांबत असेल, तर चाळीस बसची जागा हवी. वळण आणि आतला रस्ता धरून एका बसला सुमारे १०० चौरस मीटर लागतात. म्हणजे ४,००० चौरस मीटर, साधारण एक एकर. दोन-तीन तोंडांना मिळून एवढी जागा काढणं अवघड नाही. वर्षभरातल्या एकूण भाविकांचा आकडा इथे कामाचा नाही. गर्दीच्या तासाचा आकडा लागतो. तो काढायला गुरुवार, अमावास्या, पौर्णिमा आणि सुट्ट्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार अशा दिवशी नाक्यावर माणूस बसवून तासागणिक मोजणी करावी लागते.

वाहनतळ बांधूनही ओस पडतात, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. शौचालय नसतं किंवा कुलूपबंद असतं. सावली नसते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा म्हातारी माणसं तिथे उतरायला तयार होत नाहीत. रिक्षाचं भाडं ठरलेलं नसतं, म्हणून घासाघीस होते आणि दुसऱ्या वेळी तोच चालक थेट देवळापर्यंत गाडी आणतो. चौथं कारण सोलापूरचं खास आहे: पाट्या फक्त मराठीत. इथे येणारे निम्मेअधिक चालक कन्नड किंवा तेलुगू वाचणारे असू शकतात. पाटी तिन्ही लिपींत हवी आणि वळणाच्या किमान दोनशे मीटर आधी हवी, कारण भरलेली बस वळण चुकली की ती पुन्हा मागे येत नाही.

शौचालयांचा हिशेबही करून मागा. वीस बस म्हणजे तासाला हजार माणसं, त्यात निम्म्या बायका धरू. लांबचा प्रवास करून आलेल्यांपैकी साठ टक्के उतरल्याबरोबर शौचालय शोधतात, म्हणजे तीनशे बायका. एका सीटवर सफाईचा वेळ धरून तासाला पंधरा जणी होतात. वीस सीट लागतात. प्रत्यक्षात त्याहून कमी असल्या तर रांग लागते. मग उरलेल्या बायका आजूबाजूच्या घरांचं दार ठोठावतात आणि पुरुष किल्ल्याच्या खंदकाकडे जातात. त्या घरांचा त्रास "पर्यटनामुळे अस्वच्छता" असा नोंदला जातो, पण मूळ चूक सीटच्या गणिताची असते.

पाणी हा इथला सर्वांत नाजूक विषय. शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय लोकांना वर्षानुवर्षं झाली आहे. उजनी, टाकळी-औज आणि हिप्परगा हे स्रोत आहेत, पण घरात पिंप आणि टाक्या भरून ठेवल्याशिवाय चालत नाही. अशा शहरात नवीन लॉज उभा राहतो तेव्हा शेजाऱ्याच्या मनात पहिला विचार पाण्याचा येतो आणि तो रास्त आहे. भारतीय मानकांत घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर आणि हॉटेलसाठी एका खाटेमागे १८० लिटर धरतात. शंभर खाटांचा लॉज भरलेला असेल तर रोज १८,००० लिटर लागतात. पाणी पाच दिवसांनी येत असेल तर ९०,००० लिटरची साठवण हवी. एवढी टाकी कोणी बांधत नाही. उरलेलं पाणी टँकरने नाहीतर बोअरने येतं. सोलापूरच्या काळ्या कातळात पाणी भेगांमध्ये साचतं. एकाने खोल बोअर मारून दिवसरात्र उपसा केला की त्याच भेगेवरची शेजारची बोअर मार्च-एप्रिलमध्ये कोरडी पडते.

यावर उपाय परवान्याच्या अटीत आहे. वीसपेक्षा जास्त खाटांच्या प्रत्येक लॉजला स्वतंत्र मीटर, किमान दोन दिवसांची साठवण, टँकरची नोंदवही आणि दुहेरी नळजोडणी सक्तीची करावी. दुहेरी जोडणी म्हणजे आंघोळीचं पाणी गाळून फ्लशला वापरणं. माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशला जातात असं मानक सांगतं, म्हणजे या एका गोष्टीने पाव ते तिसरा हिस्सा पाणी वाचतं. जुन्या इमारतीत ही जोडणी महाग पडते, म्हणून ती बांधकाम परवानगीच्या वेळीच अट म्हणून यायला हवी. परवाना दिल्यानंतर मागितली तर होत नाही. टँकरची नोंदवही नसेल तर मीटरवरचा आकडा फसवा ठरतो, कारण लॉज मनपाचं पाणी कमी घेतोय असं दिसतं आणि भूजल गुपचूप संपतं.

आता गड्ड्याबद्दल, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेबद्दल. ही यात्रा आणि पर्यटन या गोष्टी एकत्र करू नयेत. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम हे सगळं सोलापूरकरांचं आपलं आहे. लिंगायत घराण्यांबरोबर वेगवेगळ्या समाजांचे मान त्यात ठरलेले आहेत आणि माहेरवाशिणी त्यासाठी घरी येतात. रहिवाशाच्या समाधानाचा हा मोठा ठेवा आहे. त्याला "इव्हेंट" समजून प्रेक्षकांसाठी खुर्च्या, व्हीआयपी मंडप आणि ड्रोनची सोय वाढवत नेली, तर मान असलेली माणसंच कडेला ढकलली जातात. मिरवणुकीच्या वाटेवर पहिला हक्क मानकऱ्यांचा आणि त्या वाटेवरच्या घरांचा, मग पाहुण्यांचा. हा क्रम लेखी असावा.

होम मैदानावर भरणारा बाजार मात्र व्यवस्थापनाचाच विषय आहे. धार्मिक विधी संक्रांतीच्या आसपासच्या मोजक्या दिवसांचे, पण पाळणे आणि दुकानं नंतरही बरेच दिवस असतात आणि शेजाऱ्यांना त्रास होतो तो याच काळात. धूळ ही पहिली तक्रार. हजारो पावलांखाली सुटी माती उडते आणि दमेकऱ्यांना रात्र काढणं कठीण होतं. चौरस मीटरला साधारण एक लिटर या प्रमाणात पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास पाणी मारलं तर धूळ बसते. एकदम जास्त मारलं तर चिखल होतो आणि वाळल्यावर दुप्पट धूळ उठते. वाटांवर मॅटिंग टाकणं त्याहून बरं. पिण्याचं पाणी यासाठी वापरू नये. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं तर ते क्लोरीन दिलेलं असावं आणि खाण्याच्या स्टॉलच्या रांगा त्यातून वगळाव्यात.

दुसरी गोष्ट आपत्कालीन रस्ता. मैदानाच्या मधून किमान सहा मीटर रुंदीची मोकळी पट्टी शेवटच्या दिवसापर्यंत राहिली पाहिजे, कारण अग्निशमन गाडी अडीच मीटरची असली तरी दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. स्टॉल पहिल्या दिवशी रेषेत असतात आणि चौथ्या दिवशी फूटभर पुढे आलेले असतात. ते रोज संध्याकाळी चारला फीत लावून मोजले तरच आटोक्यात राहतात. बाहेर पडण्याच्या वाटांचं गणितही सोपं आहे: सपाट जागी एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ऐंशी माणसं जातात. तीन मीटरच्या एका फाटकातून दहा हजार माणसं निघायला चाळीस मिनिटं लागतात. चार फाटकं उघडी असतील तर दहा मिनिटं. चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसं झाली की आत येणं थांबवावं, कारण पाचच्या पुढे माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला नेते.

आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय-शाळा-न्यायालयाभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य शासन वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण शांतता क्षेत्राला ती सूट नाही. तलावाकाठी दिवे-संगीताचा कार्यक्रम किंवा फूड फेस्टिव्हल ठरला की परवानगीच्या कागदावर तीन गोष्टी मागा: ध्वनिक्षेपकांची दिशा पाण्याकडे असावी की वस्तीकडे, मोजणी कोणत्या घराच्या खिडकीशी होणार आणि आवाज वाढला तर बंद करायचा अधिकार त्या रात्री जागेवर कोणाकडे असेल. पाण्यावरून आवाज फारसा न अडता पलीकडच्या काठाला पोचतो. त्यामुळे मंचाजवळ मोजलेला आकडा ठीक असला, तरी समोरच्या काठावरच्या घरात झोप लागत नाही.

किल्ल्याभोवती राहणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये ना-हरकत लागते. पहिल्या पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण तिलाही परवानगी हवी. पत्रा बदलायला किंवा गळकी भिंत बांधायला कुटुंबं वर्षं घालवतात, नाहीतर चोरून काम करतात आणि नोटीस घेतात. स्मारकाचं सौंदर्य राखायचं ओझं या घरांवर पडतं, तर त्यांचे अर्ज भरून देणारा एक मदत कक्ष मनपाने चालवावा. सर्व्हे नंबर, स्मारकापासूनचं मोजलेलं अंतर, सध्याच्या घराचे फोटो आणि प्रस्तावित कामाचा नकाशा इतकं पहिल्याच वेळी बरोबर गेलं तर अर्ज माघारी येत नाही.

पैसा कोणाच्या हातात पडतो, याकडे मी जास्त लक्ष द्यायला सांगेन. परिसर सुशोभित करायचा ठरला की पहिली गदा फेरीवाल्यांवर येते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीशी सल्लामसलत झाल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही. या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असायला हवेत. कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगा पोळी विकणाऱ्या बहुतेक बायका घरून माल करून आणतात. त्यांची जागा दोनशे मीटर लांब गेली तर भाविक तिथे पोचत नाही, कारण दोन तासांचा पाहुणा वाकडी वाट करत नाही. म्हणून त्यांची जागा वाहनतळापासून मंदिराकडे जाणाऱ्या पायवाटेवरच हवी. जेवढी चालण्याची वाट लांब आणि सावलीची, तेवढी विक्री जास्त. किल्ला, तलाव, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक आणि महापालिकेची इंद्रभुवन इमारत एक-दीड किलोमीटरच्या टापूत आहेत. सलग फूटपाथ झाला तर तो वर्षभर शेजारच्या आजी-आजोबांच्याही कामी येतो, हे त्याचं मोठं पुण्य.

चादरीचं गणित जरा खोल आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी "सोलापुरी" शिक्का मारलेला बाहेरचा माल विकला जातो. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर पाहुण्यांना नेऊन चादर विणताना दाखवावी ही कल्पना चांगली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कामगाराच्या अंगावर येते. माग कामगाराला मजुरी उत्पादनावर मिळते. पाहुण्यांना समजावण्यासाठी माग अर्धा तास थांबला तर तेवढी मजुरी बुडते, तर विक्रीचा फायदा मालकाला होतो. म्हणून भेटीच्या शुल्कातून बंद मागाची मजुरी आधी वजा करून कामगाराला द्यावी, मग उरलेलं वाटावं. एका वेळी दहाच माणसं, कानांत बोळे, साडीचा पदर नि ओढणी बांधलेली, कारण फिरत्या पट्ट्यात कापड अडकलं तर जीव जातो. घरात विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत, ही अट गाईडच्या परवान्यात लिहा.

मुक्कामी पाहुणा वाढला तर हे सगळं सोपं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबईची वंदे भारत आहे आणि २०२५ मध्ये विमानसेवाही सुरू झाली. असा पाहुणा एक रात्र राहू शकतो. त्याच्यासाठी भीमा-सीना संगमावरचं हत्तरसंग कुडल आहे, जिथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. थंडीत हुरडा आहे. भार एका चौकावरून तालुक्यांत पसरतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र गर्दी न्यायची नाही. तिथली माळरानं शांत राहणंच त्यांच्या हिताचं.

परिणाम मोजल्याशिवाय मागणी टिकत नाही. "तुम्हाला पर्यटन हवं का?" असं विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतात. त्याऐवजी गेल्या सात दिवसांबद्दल विचारा: किती रात्री झोपमोड झाली, दारात परकी गाडी किती वेळा उभी होती, पाणी विकत घ्यावं लागलं का, मुलं बाहेर खेळली का, घरात पर्यटनातून काही मिळकत आली का. मंदिर-किल्ल्यापासून तीनशे मीटरच्या आतली दोनशे घरं आणि लांबच्या तशाच आर्थिक स्थितीच्या वस्तीतली दोनशे घरं घ्या. तुलनेला दुसरी वस्ती नसेल, तर पाण्याची सर्वसाधारण टंचाईही पर्यटनाच्या माथी मारली जाते. या आकाराच्या नमुन्यात दहा टक्क्यांहून लहान फरकावर भरवसा ठेवू नका. पाहणी तीनदा करा: ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत गड्डा भरलेला असताना आणि मार्चमध्ये. प्रश्न मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत विचारा. निम्मी उत्तरं बायकांची असावीत, कारण पाणी भरायला आणि आजारी माणसाजवळ रात्री जागायला त्याच असतात. कर्त्या पुरुषाला दुकानावर गाठून भरलेले अर्ज हमखास गोड येतात.

मागणी करताना पैशाचा मार्गही सांगा. वाहनतळाचं शुल्क आणि गड्ड्यावरच्या जागांचं भाडं मनपाच्या किंवा यात्रेच्या सर्वसाधारण खात्यात गेलं की दिसेनासं होतं. त्यातला ठरलेला हिस्सा त्याच प्रभागाच्या शौचालय, सफाई आणि सावलीसाठी वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवावा आणि त्याचा जमाखर्च दर तिमाहीला प्रभागात लावावा. गर्दीच्या दिवसांत वाहनबंदी असेल, जशी कोजागरीला तुळजापूरच्या पायी भाविकांसाठी त्या रस्त्यावर असते, तेव्हा रहिवाशांचे पास सात दिवस आधी घरपोच मिळावेत. आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्रात आलेली सूचना डायलिसिसच्या रुग्णाला उपयोगी पडत नाही.

हे सगळं एकदम मागू नका. वाहनतळ, तिथली शौचालयं आणि ठरलेल्या भाड्याच्या रिक्षा एवढंच पहिल्या वर्षी मागा. बांधकाम कमी, खर्च आटोक्यात आणि परिणाम एका हंगामात पाहणीत दिसतो. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर होतं, म्हणून ऑक्टोबरच्या पाहणीचे आकडे जोडून लेखी मागणी डिसेंबरच्या आत द्या. जानेवारीत गड्डा भरल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या वर्षावर जातं.